वाकड्या चपला

प्रिय सृष्टी,

जयभीम. पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझा बाप बरा आहे, आई बरी आहे, शेळी व्याली, दोन करडं झाली आणि दोन्ही चांगली दूध ओढतात. माझा गुडघा सोडला तर मीही बरी आहे, आणि गुडघ्याचं काही आजचं नाही.

फोनवर बोलले असते. पण फोनवर तू "हो आजी, हो आजी" करून माझं बोलणं उरकतेस. शिवाय या घरकुलाच्या दोन खोल्या, एका खोलीत हळू बोललेलं दुसऱ्या खोलीत जास्तच नीट ऐकू येतं. म्हणून महेंद्रला दुरेघी वही आणायला सांगितली, तर तुझ्या बापानं चौरेघी आणली, पोरं इंग्रजी गिरवतात तसली. चौथीतून उठलेल्या बाईनं चार रेघांत काय करायचं? दोन रेघा वापरते, दोन सोडते. काल दुपारपासून लिहितेय. तुझ्या आईला सांगितलं की बचत गटाचं लिहितेय. तिला ते खरं वाटलं नाही, पण विचारायची तिची हिंमत झाली नाही. पत्र टपालानं पाठवत नाही, शेजारच्या आक्काबाईचा गोरक्ष कांद्याचा टेम्पो घेऊन नगरला येतोय, त्याच्या हाती देते. म्हणजे गुरुवारच्या आत तुला मिळेल. गुरुवारच्या आतच मिळायला पाहिजे.

रविवारी तू म्हणालीस, आजी, मी राजीनामा लिहून ठेवलाय, या गुरुवारी शेवटचं बघते आणि मॅडमना देते, मला हे काम जमत नाही. मी "बरं" म्हटलं आणि फोन तुझ्या आईकडं दिला. तुला वाटलं असेल म्हातारीला काही पडलेलं नाही. पडलेलं होतं, तोंडात मावत नव्हतं. आता वाच. पूर्ण वाचून झालं की मग राजीनाम्याचं काय करायचं ते कर, मी आडवी येणार नाही.

तू नगरच्या समुपदेशन केंद्रात या कामाला लागलीस तेव्हा मी वस्तीभर सांगत सुटले होते की नात डॉक्टर झाली, फक्त सुई टोचत नाही, माणसाला समोर बसवून बोलतं करते. आक्काबाई म्हणाली, "नुसतं बोलायचा पगार मिळतो व्हय?" मी म्हटलं, तसं असतं तर तुला कलेक्टर केली असती. पण मनातून मलाही ते काम कळलं नव्हतं. त्यात तू म्हणालीस की दर शुक्रवारी मॅडमपुढं बसून सांगावं लागतं, आठवड्यात कोण आलं, ते काय म्हणालं, मी काय म्हणाले. सुपरव्हिजन. मी म्हटलं, हा तर मुकादम झाला. कारखान्याच्या उसात मी नऊ वर्षं मुकादमाच्या हाताखाली होते. मुकादमाचं काम एकच, तुमचं कुठं चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्याचं स्वतःचं चुकलं तर तो ढगाकडं बघायचा. तेव्हा या माधुरी मॅडमबद्दल माझं मत काय असेल ते तुला वेगळं सांगायला नको. पुण्याच्या, मोठ्या घरातल्या, परदेशात शिकवून आलेल्या. मी म्हटलं, माझ्या नातीच्या चुका काढून ही बाई स्वतः ढगाकडं बघणार.

ज्या बाईपायी तू राजीनामा लिहिलास, तिचं नाव तू मला सांगितलं नाहीस ते बरं केलंस. ती काष्टीकडची, एवढं तुझ्या तोंडून निसटलं, तेही निसटायला नको होतं, पण मी मॅडमना सांगणार नाही. बिननावाच्या माणसाबद्दल मला लिहिता येत नाही, म्हणून मी तिला गीताबाई म्हणते. जमीनजुमला असलेल्या घरातली बाई. तरणा मुलगा गेला, स्वतःहून गेला. त्यानंतर तिची झोप गेली, तिच्या भाच्यानं तिला तुझ्याकडं आणून सोडलं. पहिल्या दिवशी तू तिच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवलास. तिनं बघितला, हात लावला नाही. दुसऱ्या गुरुवारी तसंच, आणि वर विचारलं, "तुमचं आडनाव काय, बाई?" तुम्हाला शिकवलेलं असतं की आपलं काही सांगायचं नाही, समोरच्याला बोलू द्यायचं. तू म्हणालीस, "मावशी, त्याचं इथं काही नाही, तुम्ही बोला." शिकवल्यासारखं बरोबर बोललीस. पण आपल्याकडं आडनाव लपवलं की आडनाव कळतंच. तिसऱ्या गुरुवारी पाणी तसंच राहिलं. चौथ्या गुरुवारी तू ग्लास ठेवलाच नाहीस. ती आली, रिकाम्या टेबलाकडं बघत बसली, दहा मिनिटांत पदर सावरून उठली, आणि मग आलीच नाही.

तू तसं का केलंस ते मला सांगायची गरज नव्हती, कारण तो ग्लास तुझ्या डोक्यात मी घातलाय. हॉटेलच्या बाहेरच्या कोनाड्यात आपल्या लोकांसाठी ठेवलेल्या कान तुटलेल्या कपांची गोष्ट, बांधावर ओंजळीत वरून ओतलेल्या पाण्याची गोष्ट, पाणी संपल्यावरही ओंजळ तशीच धरून उभ्या राहिलेल्या माझ्या आईची गोष्ट. जेवण भरवताना सांगितल्या, वेणी घालताना सांगितल्या. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. आणखी शंभर वेळा सांगेन. पण मी फक्त तेवढंच सांगितलं. पाणी नाकारायला माणसाकडं दुसरं काही कारण असू शकतं, हे सांगायचं राहून गेलं. रागाच्या भरात राहून जातं.

मग तू ते मॅडमकडं नेलंस. तू म्हणालीस, ती माझ्या हातचं पाणी पीत नाही. आणि मॅडम म्हणाल्या, "एवढं मनावर घेऊ नकोस, तहान नसेल तिला." तू खोलीवर येऊन मला फोन केलास आणि म्हणालीस, आजी, त्यांना नाही कळायचं, त्यांचं आडनाव ऐकून लोक खुर्ची पुसून देतात. मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. माझं मत खरं ठरलं होतं ना. मुकादम तो मुकादम.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच मॅडमनी तुला बोलावून काय सांगितलं? तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी तुला तीन वेळा पुन्हा म्हणायला लावलं. "काल मी तुझं ऐकलं नाही. माझ्या हातचं पाणी आयुष्यात कुणी नाकारलेलं नाही, म्हणून मला तो ग्लास दिसलाच नाही. तुला दिसला आणि मी तुलाच गप्प केलं. ही चूक माझी आहे, तू मला समजावून सांग." सृष्टी, मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. मालक बघितले, मुकादम बघितले, सरपंच, ग्रामसेवक, मास्तर, डॉक्टर बघितले. आपल्या हाताखालच्या माणसाला, तेही आपल्या वस्तीतल्या पोरीला, कुणी मोठ्या घरातलं असं म्हणालेलं मी बघितलं नव्हतं. तरी मी तुला म्हटलं, बोलायला काय जातंय, घरी ये म्हणावं, बघू.

तर ती आली. तुलाही वाटलं नव्हतं, मलाही नाही. गाडी असताना एसटीनं आली, का, तर आपल्याकडच्या बायका कशा येतात ते बघायचं होतं. आणि पुढचं तुला माहीतच आहे, पण मला पुन्हा लिहायला मजा येते. नगरपासून अख्खी बाटली पाणी पीत आलेली बाई. नेवासा फाट्यावर उतरली, तिथून सहा सीटच्या रिक्षात दहा माणसांत बसून आली, आणि आपल्या दारात उभी राहून नमस्कार नाही, जयभीम नाही, पहिला शब्द "आजी, बाथरूम कुठंय?" तोंड लालेलाल. चपलांसकट परसात पळाली. मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. तुझी आई माझ्यावर डोळे वटारत होती.

ती बाहेर आली, हातपाय धुतले, तेव्हा मी म्हटलं, झालं ना मॅडम, आता कळलं का तुमची ती बाई पाणी का पीत नाही? काष्टीच्या पलीकडच्या वस्तीवरून निघायचं म्हणजे उजाडायच्या आधी निघावं लागतं, दोन गाड्या बदलायच्या, स्टँडवरच्या मुतारीत पाय ठेवायची सोय नाही. आणि ही सांगते, तुमच्या केंद्रात बायकांचा संडास कुलपात, किल्ली वॉचमनच्या खिशात. घरंदाज बाई परक्या पुरुषापुढं उभी राहून किल्ली मागेल काय? त्यापेक्षा ती आदल्या दिवशीपासून घसा कोरडा ठेवेल. मी स्वतः महेंद्रच्या लग्नाला बस्ता बांधायला नगरला गेले होते तेव्हा घोटभर चहा घेतला नव्हता. हे बाईच्या जातीला कुणी शिकवावं लागत नाही.

तू तेव्हा तोंडावर हात धरून बसलीस. पण मी बघत होते मॅडमकडं. मला वाटलं आता हिला सुटल्यासारखं होणार, म्हणणार, बघ सृष्टी, मी म्हटलंच होतं, जातीचं काही नव्हतं. म्हणूनच मी मुद्दाम पुढं म्हटलं, पण आडनाव विचारलं ना, ते मात्र जातीचंच होतं, त्यात भुलू नका. बाई एकाच वेळी लघवीही धरू शकते आणि जातही धरू शकते. आणि मॅडमचा चेहरा सुटल्यासारखा झाला नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही खरं असू शकतं, आणि मला दोन्हीतलं एकही माहीत नव्हतं." वही उघडली, पण लिहायच्या आधी मला विचारलं, "आजी, हे मी लिहून घेऊ का?" माझं बोलणं लिहायला परवानगी! ग्रामसेवक माझा अंगठा घेताना माझ्या तोंडाकडं बघत नाही, आणि मला सही येते.

मग त्यांनी विचारलं की ग्लास काढल्यावर ती का उठून गेली असेल. तुला वाटत होतं तिला राग आला. मी म्हटलं, ज्या घरातला मुलगा असा जातो त्या घराचं पाणी लोकं सोडतात. कुणी तोंडानं म्हणत नाही. दारात उभी राहतात, चहा ठेवते म्हटलं की "आत्ताच झाला" म्हणतात. लग्नात त्या आईला कुणी उठ म्हणत नाही, फक्त तिच्या शेजारची जागा रिकामी राहते. हळदीकुंकवाची पोरगी शेजारच्या दारात जाते, तिथून पलीकडच्या दारात जाते, मधलं दार चुकवते. अशा बाईपुढं दर गुरुवारी कुणीतरी भरलेला ग्लास ठेवतंय. ती पीत नसेल, तिला पिता येत नसेल, आणि तुझं आडनाव कळल्यावर मनात आणखी काही असेल. पण आपल्यापुढं कुणी पाणी ठेवतं, हे बघायला ती दोन गाड्या बदलून येत होती. आणि एका गुरुवारी तेही नव्हतं.

तू रडायला लागलीस. म्हणालीस, आजी, तुमच्या आईला ज्यांनी वरून पाणी ओतलं, त्यांच्यासारखंच मी केलं. मी तेव्हा तुला गप्प बस म्हटलं, आणि आताही तेच म्हणते. त्यांच्यासारखं नाही केलंस. त्यांनी कधी घरी येऊन विचारलं नाही की बाई, तुझी ओंजळ का अजून वर आहे. मॅडमनी मात्र तुला गप्प बस म्हटलं नाही. रडून झाल्यावर म्हणाल्या, "तुझं दुखणं खरं होतं. तिचं दुखणं तुला दिसलं नाही, तुझं मला दिसलं नाही. आता विचारूया." एवढंच. आणि मग तू त्या बाईला फोन केलास. तिच्या नवऱ्यानं उचलला, तू तिलाच द्यायला लावलास, आणि सांगितलंस, मावशी, त्या दिवशी मी पाणी ठेवलं नाही, ते माझं चुकलं, तुमची वाट बघते. हे तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा मला काय वाटलं ते मी लिहीत नाही, तुला चढेल. ती म्हणाली, "बघते." दोन गुरुवार गेले, आली नाही, आणि तू राजीनामा लिहिलास. बये, आमच्यात "बघते" म्हणजे नाही नव्हे. नाही म्हणायचं असतं तर तिनं फोन ठेवला असता. बघते म्हणजे ती खरंच बघतेय, पुन्हा पाय उचलतो का ते.

त्या दिवसाची एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. तुला माझी खोड माहीत आहे. इतर आज्या चपला इकडंतिकडं फेकल्या की ओरडतात, मी नीट ठेवल्या की ओरडते. तू पहिलीत होतीस तेव्हा शाळेत शिकून आलीस आणि उंबऱ्याबाहेर घरातल्या सगळ्यांच्या चपला जोडीजोडीनं लावून मला दाखवायला बोलावलंस. मी पायानं सगळ्या उडवल्या. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस आणि मीही तुला का ते सांगितलं नाही. तर मॅडम परसातून आल्या, त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याशी अगदी नीट, जोडीनं ठेवल्या. माझा पाय राहिला नाही. येताजाता मी एक चप्पल सरकवली. जाताना त्यांना ती वाकडी दिसली. त्यांनी चपलेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पायात घालून निघाल्या. विचारलं नाही. ज्या बाईनं दोन तास मला विचारून विचारून भंडावलं होतं, तिनं नेमकं तेवढंच विचारलं नाही.

आणि सोमवारी त्या पुन्हा आल्या होत्या. तुला माहीत नाही, एकट्याच आल्या. सांगायला आल्या की किल्ली आता वॉचमनकडं नाही, बायकांच्या बाजूच्या भिंतीवर खिळा ठोकून अडकवली आहे, आणि ज्या खोलीत तू बसतेस तिथंच दारावर चित्र काढून संडास कुठं आहे ते लावलंय, म्हणजे कुणाला विचारावं लागू नये. आणि पुढच्या महिन्यात नव्या मुलामुलींना शिकवायचं आहे, तेव्हा माझी ही गोष्ट माझं नाव घेऊन सांगितली तर चालेल का. मी म्हटलं, नाव घ्या, पण आडनावासकट घ्या. त्या हसल्या आणि वहीत आडनाव लिहून घेतलं. तुझ्याबद्दल म्हणाल्या की तुमच्या नातीकडून मी जेवढं शिकतेय तेवढं ती माझ्याकडून शिकत नसेल. राजीनाम्याचं मी काही बोलले नाही. तुझं तू सांग. पण हे ऐक: त्या येताना मी ओट्यावर बसले होते. उंबऱ्याशी आल्या, चपला काढल्या, नीट ठेवायला वाकल्या, थांबल्या, आणि एक चप्पल बोटानं हळूच आडवी केली. मग आत आल्या आणि शेळीबद्दल बोलायला लागल्या. एवढी शिकलेली बाई, आणि माझ्या दारात माझ्यासारखी वागली. का, ते माहीत नसताना.

निघताना म्हणाल्या, "आजी, तुम्हाला कधी काही बोलावंसं वाटलं तर सांगा. नाही वाटलं तरी मी शिकायला येत राहीन." मी म्हटलं, मला काय धाड भरलीय बोलायला. त्या हो म्हणाल्या आणि गेल्या. तेव्हापासून मी ही वही मागतेय.

हा कागद लिहायला मी राजीनाम्याचं निमित्त केलं, सृष्टी, लिहायचं दुसरंच होतं. भिंतीवरचा फोटो, ज्याला तू लहानपणी हसणारे काका म्हणायचीस, तो तुझा मोठा चुलता प्रशांत. तुला सांगितलंय की विहिरीवर पाय घसरला. तुझ्या बापालाही तेच सांगितलंय, तो तेव्हा लहान होता. घसरला नव्हता. चार महिने तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून असायचा, त्याला काय होतंय ते मला कळत नव्हतं, आणि माझी जीभ तुला माहीत आहे. त्या सकाळी मी म्हटलं, "नुसता लोळतोस, पाणी तरी आन." तो उठला, कळशी घेतली. मी मागून गेले तेव्हा कळशी काठोकाठ भरून कठड्यावर ठेवली होती. माझं काम आधी केलं त्यानं. शेजारी चपला, जोडीनं, विहाराबाहेर काढाव्यात तशा. पाय घसरणारा माणूस चपला काढून ठेवत नाही. तुझ्या आजोबांनी माझ्याकडं बघितलं आणि लोकं यायच्या आत एक चप्पल उचलून लांब टाकली, दुसरी पायानं आडवी केली. त्यानंतर आम्ही दोघांनी त्यावर शब्द काढला नाही, ते गेले तोवर नाही. वस्तीला कळलंच होतं. वर्षभर आपल्या घरात कुणी पाणी प्यायलं नाही, आपलीच माणसं, जयभीमवाली. माझं डोकं धरायचं तेव्हा सरकारी डॉक्टरनं मान वर न करता गोळ्या लिहिल्या. कुणी काही विचारलं नाही, आणि मीही कुणाला विचारू दिलं नाही. आता मी गुरुवारी पहिल्या गाडीनं येते. तुझ्यासमोर बोलता येणार नाही, तुझ्याकडं नको. मॅडम तुझ्या वरच्या आहेत म्हणून त्यांनाही मला घेता येत नसेल तर नियम मोडू नका, दुसरं कुणी असेल ते चालेल, फक्त चपला कशा काढायच्या ते मॅडमनी त्यांना आधी सांगून ठेवावं. तू मात्र त्या दिवशी तुझ्या खुर्चीत असायला पाहिजेस. गीताबाई आली तर मी तिला ओळख दाखवणार नाही, पण ती आली का ते मला बघायचं आहे. नाही आली तरी ग्लास भरलेला ठेव, पुढच्या गुरुवारीही ठेव. किल्ली खिळ्यावर आहे ना, तेवढं बघून ठेव. मी घरून पाणी पिऊन निघणार आहे.

तुझीच,
फोनवर "बरं" म्हणालेली
मनकर्णा आजी